गर्दीने घडवलेली घड्याळे

कणभौतिकीचा इतिहास सांगायला घेतला की चित्रे आपोआप पुढे येतात. क्लाउड चेंबरमध्ये शिशाचा पत्रा भेदून गेलेली, कार्ल अँडरसनने १९३२ मध्ये टिपलेली पॉझिट्रॉनची वक्ररेषा. बबल चेंबरमधली वेटोळी. आजच्या संगणकाच्या पडद्यावर एका बिंदूतून फुटलेल्या शेकडो रंगीत रेघा. पाठ्यपुस्तकांच्या मुखपृष्ठांवर हीच चित्रे झळकली आणि त्यांनी एक समजूत पक्की करून टाकली, की कणाचा शोध म्हणजे त्याचा माग डोळ्यांनी दिसणे. वेळ मोजणारी उपकरणे या कथेत दुय्यम पात्रे ठरतात. कॅमेऱ्याचा खटका दाबून बाजूला व्हायचे एवढेच त्यांचे काम. मात्र गेल्या शंभर वर्षांतले निर्णायक प्रयोग ओळीने मांडून पाहिले तर वेगळा क्रम दिसतो. नको असलेल्या कणांची गर्दी जेव्हा जेव्हा चित्राच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा तेव्हा प्रश्न सोडवला तो वेळेच्या मोजमापाने. घड्याळ हजारांश सेकंदावरून दशलक्षांशावर, तिथून अब्जांशावर आणि आता पिकोसेकंदावर, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागावर आले, ते प्रामुख्याने या गर्दीच्या रेट्यामुळे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सध्या उभे राहत असलेले वेळमापक डिटेक्टर याच साखळीतली पुढची कडी आहेत, आणि ते का लागतात हे साखळीच्या पहिल्या कडीपासून पाहिले तरच नीट उलगडते.

पहिली कडी १९२४-२५ ची, बर्लिनमधली. नील्स बोर, हेन्ड्रिक क्रामर्स आणि जॉन स्लेटर यांनी १९२४ मध्ये एक धाडसी कल्पना मांडली होती. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतो तेव्हा ऊर्जा आणि संवेग प्रत्येक घटनेत जपले जातातच असे नाही, असंख्य घटनांच्या सरासरीत ते जपले गेले की पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. हे खरे असेल तर विखुरलेला किरण आणि धक्का खाऊन उडालेला इलेक्ट्रॉन एकाच क्षणी बाहेर पडण्याचे काही कारण उरत नाही. जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेत काम करणाऱ्या वाल्टर बोथे आणि हान्स गायगर यांनी नेमका हाच धागा पकडला. त्यांनी दोन काउंटर समोरासमोर ठेवले. एक किरण टिपणारा, दुसरा इलेक्ट्रॉन टिपणारा. दोघांच्या तारांची थरथर सरकत्या फिल्मवर शेजारी शेजारी नोंदली जाई आणि मग मैलोन्‌मैल फिल्म डोळ्यांखालून घालून दोन खुणा सेकंदाच्या सहस्रांशाच्या आत जुळतात का ते पाहिले जाई. नुसत्या योगायोगाने जितक्या जोड्या जुळाव्यात त्याहून कितीतरी जास्त जोड्या जुळल्या. ऊर्जा प्रत्येक घटनेत जपली जाते हे सिद्ध झाले आणि बोर यांनी आपली कल्पना मागे घेतली. त्याच वर्षी आर्थर कॉम्प्टन आणि आल्फ्रेड सायमन यांनी क्लाउड चेंबरमधल्या चित्रांवरून हाच निष्कर्ष काढला, हेही नोंदवायला हवे. म्हणजे सुरुवातीला चित्र आणि घड्याळ दोन्ही बरोबरीने धावत होते. त्यांच्यात अंतर पडले ते पुढे, गर्दी वाढल्यावर.

हे अंतर का पडावे याचे उत्तर एका साध्या हिशेबात आहे, आणि पुढचा सगळा इतिहास त्या हिशेबावर उभा आहे. समजा दोन काउंटर सेकंदाला प्रत्येकी शंभर कण नोंदवतात. एकाच घटनेतून निघालेल्या खऱ्या जोड्यांची संख्या कणांच्या दराच्या प्रमाणात वाढते. दर दुप्पट झाला तर खऱ्या जोड्या दुप्पट. मात्र एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन कण योगायोगाने एकाच वेळी येण्याचे प्रमाण दोन्ही दरांच्या गुणाकाराने वाढते. दर दुप्पट झाले तर फसव्या जोड्या चौपट. दर दहापट झाला तर खऱ्या जोड्या दहापट आणि फसव्या शंभरपट. ही दरी भरून काढायचा एकच सरळ उपाय आहे, तो म्हणजे ‘एकाच वेळी’ या शब्दांची व्याख्या कडक करणे. वेळेची खिडकी दहापट अरुंद केली की फसव्या जोड्याही दहापट घटतात, खऱ्या मात्र तशाच राहतात. थोडक्यात, गर्दी जितक्या पटीने वाढेल तितक्या पटीने घड्याळ सूक्ष्म व्हायला हवे. नाही झाले तर प्रयोग आंधळा होतो. फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री टेकडीवर तरुण ब्रुनो रॉसीने १९३० मध्ये व्हॅक्यूम ट्यूबचे जे सर्किट तयार केले, त्याचे महत्त्व इथे कळते. त्याने फिल्म आणि डोळा दोन्ही हद्दपार केले. तीन किंवा अधिक काउंटर एकदम वाजले तरच नोंद, एरवी शांतता. तिसरा काउंटर जोडला की योगायोगाची शक्यता आणखी एका गुणाकाराने खाली येते. विश्वकिरणांचे संशोधन त्यानंतर या सर्किटावाचून कोणी केले नाही म्हटले तरी चालेल.

चित्राने घड्याळाचा हात धरला तो याच काळात. रॉसीची युक्ती जुझेप्पे ओक्यालिनी केंब्रिजला घेऊन गेला आणि पॅट्रिक ब्लॅकेटबरोबर त्याने क्लाउड चेंबरला काउंटर जोडले. तोवर चेंबर आपल्या लयीत प्रसरण पावत असे आणि बहुसंख्य फोटो कोरे निघत. आता काउंटरनी कण गेल्याची खात्री दिली की मगच चेंबर प्रसरण पावू लागला, आणि बहुतेक प्रत्येक फोटोत काही ना काही सापडू लागले. १९४७ मध्ये जॉर्ज रॉचेस्टर आणि क्लिफर्ड बटलर यांना मँचेस्टरमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन विलक्षण खुणा मिळाल्या आणि नव्या ‘स्ट्रेंज’ कणांचे पर्व सुरू झाले. त्या खुणा अशाच काउंटरने चालवलेल्या चेंबरमधल्या होत्या. चित्र म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांतली बरीच चित्रे मुळात वेळेच्या चाळणीतून आलेली आहेत.

घड्याळ एकट्याने काय करू शकते ते रोममध्ये दिसले. मार्चेल्लो कॉन्व्हर्सी आणि ओरेस्ते पिच्चोनी विश्वकिरणांतल्या ‘मेसोट्रॉन’ नावाच्या कणाचे आयुष्य मोजत होते. जुलै १९४३ मध्ये रोमवर बॉम्बहल्ला झाला. विद्यापीठाच्या शेजारचा सान लोरेन्झो भाग उद्ध्वस्त झाला, तेव्हा त्यांनी आपली उपकरणे व्हॅटिकनजवळच्या एका शाळेच्या तळघरात हलवली. युद्ध संपल्यावर एत्तोरे पान्चिनी त्यांना येऊन मिळाला. त्यांच्या प्रयोगाचा गाभा होता उशिरा वाजणाऱ्या जोडीचा: एक काउंटर कण थांबल्याची खबर देतो आणि काही मायक्रोसेकंदांनी दुसरा काउंटर त्याच्या क्षयातून निघालेल्या इलेक्ट्रॉनची. युकावाने सांगितलेला, अणुकेंद्र बांधून ठेवणारा कण हाच असेल, तर ऋण प्रभाराचे मेसोट्रॉन कोणत्याही पदार्थात क्षय पावण्याआधीच अणुकेंद्राने गिळायला हवे होते. लोखंडात तसे घडले, कार्बनमध्ये घडले नाही. १९४७ च्या सुरुवातीला हा निकाल प्रसिद्ध झाला आणि फर्मी, टेलर व वाइसकॉफ यांनी हिशेब करून दाखवले की अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत सुमारे लाख कोटी पटींचा फरक आहे. ज्याला दहा वर्षे युकावाचा कण मानले गेले तो वेगळाच निघाला. आज आपण त्याला म्यूऑन म्हणतो. त्याआधी कॉर्नेलमध्ये रॉसी आणि नॉरिस नेरेसन यांनी या कणाचे सरासरी आयुष्य २.१५ मायक्रोसेकंद असल्याचे मोजले होते. आजचा आकडा २.१९७ आहे. दशकभर चाललेला गोंधळ मिटवणाऱ्या या दोन्ही मोजमापांत दाखवण्याजोगा एकही फोटो नव्हता.

यावरचा पहिला आक्षेप इथेच घ्यायला हवा, कारण तो वजनदार आहे. त्याच १९४७ मध्ये सेसिल पॉवेल, सेझार लात्तेस आणि ओक्यालिनी यांनी खरा युकावा कण, म्हणजे पायॉन, शोधला तो फोटोग्राफिक इमल्शनमध्ये. इमल्शनला वेळेचे भानच नसते. डोंगरावर ठेवल्या दिवसापासून धुवेपर्यंतचे सारे त्यात एकत्र साठते. १९६४ मधला ओमेगा-मायनस कण आणि १९७३ मध्ये गार्गामेल बबल चेंबरमध्ये सापडलेले न्यूट्रिनोंचे ‘न्यूट्रल करंट’ हेसुद्धा चित्रांचेच विजय. मग घड्याळाला एवढे श्रेय का द्यायचे? या विजयांची अट काय होती ते पाहिले तर उत्तर मिळते. प्रत्येक वेळी गर्दी मर्यादित होती, किंवा ती मुद्दाम मर्यादित ठेवली होती. बबल चेंबरमध्ये एका वेळी थोडेच कण सोडावे लागत, कारण ते चेंबर काही मिलिसेकंद जागे असे आणि त्या अवधीत आलेले सगळे कण एकाच फोटोत उमटत. शिवाय आधी कण पाहून मग चेंबर चालवणे शक्य नव्हते. कण येण्याआधीच द्रवावरचा दाब उतरवावा लागे. चित्राच्या पद्धतीची ताकद एकेका घटनेच्या समृद्ध तपशिलात होती आणि हीच तिची मर्यादाही ठरली. कोट्यवधींत एखादी घटना वेचायची वेळ आली तशी बबल चेंबरे एकामागून एक संग्रहालयांत गेली. विज्ञानाचा इतिहासकार पीटर गॅलिसन याने १९९७ च्या आपल्या ग्रंथात कणभौतिकीत चित्राची आणि तर्काची अशा दोन परंपरा दाखवल्या आणि पुढे त्या एकत्र मिसळल्याचे सांगितले. ते मान्य करूनही एक पुस्ती जोडावी लागते: तर्काच्या परंपरेचा कणा वेळ हाच होता, आणि मिसळणीनंतरही तो कणा तसाच टिकून राहिला.

गर्दी आणि घड्याळ यांचे नाते सर्वांत स्वच्छ दिसते ते १९५५ च्या बर्कलीत. तिथल्या बेव्हाट्रॉन या प्रवेगकातून ६.२ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन तांब्यावर आदळत आणि बाहेर पडणाऱ्या ऋण कणांत अँटिप्रोटॉन असतील तर ते हजारो पायॉनमागे एखादाच असणार हे ओवेन चेंबरलेन, एमिलिओ सेग्रे, क्लाइड विगँड आणि थॉमस इप्सिलँटिस यांना ठाऊक होते. चुंबकांनी एकाच संवेगाचे कण निवडले तरी पायॉन आणि अँटिप्रोटॉन एकाच वाटेने जात. वाट पाहून त्यांना वेगळे करणे अशक्य होते. मात्र संवेग सारखा असेल तर जड कण हळू चालतो. म्हणून त्यांनी सुमारे १२ मीटर अंतरावर दोन सिंटिलेटर ठेवले. पायॉन हे अंतर ४० नॅनोसेकंदांत कापतो, अँटिप्रोटॉनला ५१ लागतात. सगळा शोध या ११ नॅनोसेकंदांच्या फरकावर टांगलेला होता. तरीही योगायोगाचा जुना हिशेब पिच्छा सोडत नव्हता: एक पायॉन पहिल्या सिंटिलेटरमधून गेला आणि दुसराच एक पायॉन ५१ नॅनोसेकंदांनी दुसऱ्यातून गेला, तर तो खोटा अँटिप्रोटॉन. म्हणून वेग स्वतंत्रपणे ओळखणारे चेरेन्कोव्ह काउंटरही मध्ये बसवावे लागले. पहिल्या शोधनिबंधात ६० अँटिप्रोटॉन होते. १९५९ चे नोबेल सेग्रे आणि चेंबरलेन यांना मिळाले. प्रयोगाची मूळ कल्पना आपली होती असे म्हणत पुढे १९७२ मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञाने त्यांच्यावर दावा लावला. मुदत उलटल्याच्या कारणाने तो फेटाळला गेला. हा दावेदार रोमच्या तळघरातला तोच ओरेस्ते पिच्चोनी होता. श्रेयाचा वाद बाजूला ठेवला तरी मायक्रोसेकंदांच्या पिढीने नॅनोसेकंदांच्या पिढीला काय दिले ते यातून दिसते. अँटिप्रोटॉनच्या शोधानंतर वर्षभराने फ्रेडरिक राइनेस आणि क्लाइड कोवन यांनी सव्हाना रिव्हर अणुभट्टीजवळ न्यूट्रिनो पकडला. तोही पॉझिट्रॉनची झटपट चमक आणि काही मायक्रोसेकंदांनी न्यूट्रॉन शोषला गेल्याची चमक, अशा जोडीतून.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या बाजूने येतो. घड्याळे सूक्ष्म झाली ती गर्दीमुळे कशावरून? फोटोमल्टिप्लायर ट्यूब, रडारसाठी विकसित झालेली जलद सर्किटे आणि नंतरचे सिलिकॉन आयते हाती आले, भौतिकशास्त्रज्ञांनी ते वापरले, इतकेच. या आक्षेपाला छेद देणारा एक नेमका पुरावा सायबेरियात आहे. नोव्होसिबिर्स्कमध्ये युरी पेस्टोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच ठिणगीवर चालणारा असा काउंटर बनवला की त्याची अचूकता २५-३० पिकोसेकंदांपर्यंत पोचली. आजच्या सर्नमधल्या उद्दिष्टाइतकीच ही अचूकता आहे. पण त्याला विशेष काच लागे, विजाग्रांमध्ये दशांश मिलिमीटरची फट आणि वायूवर वातावरणाच्या सुमारे बारापट दाब लागे. पुढची दोन दशके त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग कोणी केला नाही. म्हणजे तंत्र उपलब्ध होते. ज्या गर्दीसाठी ते त्रास सोसून वापरावे ती गर्दी अजून यायची होती. ती आली १९९० च्या दशकात, जेव्हा सर्नच्या एलएचसी या कणटक्कर यंत्रात शिशाची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळवण्यासाठी अ‍ॅलिस प्रयोगाची आखणी सुरू झाली. एका टकरीतून हजारो कण उडणार आणि त्यांतला प्रत्येक पायॉन आहे, केऑन आहे की प्रोटॉन हे उड्डाणाच्या वेळेवरून ठरवायचे. पेस्टोव्ह काउंटरचा विचार झाला आणि तो सोडून दिला गेला. एवढे क्षेत्रफळ अशा नाजूक उपकरणाने झाकणे परवडणारे नव्हते. गरजेने नवे उत्तर घडवले. १९९६ मध्ये क्रिस्पिन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी अनेक फटींचा रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर मांडला. पुढे अ‍ॅलिससाठी त्याचे रूप ठरले ते असे: साध्या खिडकीच्या काचेसारख्या पातळ काचा, त्यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या फटी, आणि त्या फटी राखायला मासे पकडायचा नायलॉनचा दोरा. फट अरुंद असल्याने इलेक्ट्रॉनांचा लोंढा कुठून सुरू झाला याची अनिश्चितता घटते. फटी अनेक असल्याने सिग्नल हमखास मिळतो. अ‍ॅलिसमध्ये अशा सुमारे १६०० पट्ट्यांनी १४० चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग झाकला, दीड लाखांहून अधिक चॅनेल्स आले आणि अचूकता ६० पिकोसेकंदांच्या आत पोचली. अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेतल्या स्टार प्रयोगाने याच जातीच्या चेंबरांच्या आधाराने २०११ मध्ये अँटिहीलियम-४ ची १८ अणुकेंद्रे वेचून दाखवली, तीही सुमारे अब्जभर टकरींतून.

या कथेतला एक धागा मुंबईतूनही जातो. एका फटीचा रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर १९८१ मध्ये रोममधल्या रिनाल्दो सान्तोनिको आणि रोबेर्तो कार्दारेल्ली यांनी बॅकेलाइटच्या पाट्यांपासून बनवला होता. त्याची अचूकता नॅनोसेकंदाच्या आसपास. एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगात हे चेंबर म्यूऑन नेमका कोणत्या टकरीच्या वेळचा आहे ते ठरवतात. २०१३-१४ च्या विश्रांतीकाळात त्यात जी नवी चकती भरली गेली, तिच्यासाठीचे काही चेंबर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जुळवले गेले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सीएमएसच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरसाठी सिंटिलेटरच्या फरशा पुरवल्या आणि त्यांचा प्रकाश वाचायला पुढे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर बसले. तीच संस्था उटीला ग्रेप्स-३ ही वेधशाळा चालवते, आणि तिथे विश्वकिरणांच्या वर्षावाची दिशा कळते ती शेकडो सिंटिलेटरमध्ये तो किती नॅनोसेकंदांच्या फरकाने पोचला यावरून. इथल्या प्रयोगशाळांनी घड्याळ काटेकोर करण्याच्या कामात घातलेली ही भर ठोस आहे.

आता सर्नकडे वळू. एलएचसीमध्ये प्रोटॉनचे जथे दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात. २०१२ मध्ये एका भेटीत सरासरी २० च्या आसपास टकरी होत, नंतर त्या ५०-६० वर गेल्या. नियोजनानुसार २०३० मध्ये सुरू होणाऱ्या उच्च-तेजस्विता एलएचसीमध्ये त्या १४० ते २०० होणार आहेत. या सगळ्या टकरी काही सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्यात होतात, आणि त्यांतली रस घ्यावा अशी बहुधा एकही नसते किंवा फार तर एखादी असते. २५ नॅनोसेकंदांचे घड्याळ एक भेट दुसरीपासून वेगळी करते. एकाच भेटीतल्या दोनशे टकरी त्याला एकच वाटतात. तरी त्या अगदी एकाच क्षणी होत नाहीत. जथ्यांना लांबी असल्याने टकरी साधारण १८० पिकोसेकंदांच्या पसाऱ्यात विखुरतात. गर्दीच्या फलाटाचा पाच मिनिटे उघड्या ठेवलेल्या भिंगाने एकच फोटो काढला तर कोण कोणाबरोबर उतरले ते सांगता येत नाही. तेच फोटो दर अर्ध्या मिनिटाने काढले तर कुटुंबे वेगळी होतात. तसेच इथे. प्रत्येक कणाची वेळ ३० पिकोसेकंदांपर्यंत कळली तर एका भेटीचे पाच-सहा काप पडतात आणि प्रत्येक कापातली गर्दी आजच्याइतकी किंवा त्याहून कमी होते. ३० पिकोसेकंदांत प्रकाशसुद्धा जेमतेम ९ मिलिमीटर जातो, एवढी ही खिडकी अरुंद आहे. सीएमएस त्यासाठी मधल्या भागात सेरियम मिसळलेल्या लुटेशियम-यिट्रियमच्या स्फटिकांच्या बारीक कांड्या बसवत आहे, ज्यांच्या दोन्ही टोकांना सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर असतात. रुग्णालयातल्या पेट स्कॅनरमध्ये वापरला जाणारा स्फटिक याच जातीचा. टोकांच्या चकत्यांत, आणि अ‍ॅटलस प्रयोगातही, कमी गुणनाचे अ‍ॅव्हलांश सिलिकॉन येत आहे. या सिलिकॉनची क्रियाशील जाडी फक्त ५० मायक्रॉन असल्याने सिग्नल झपकन चढतो, आणि आतला एक पातळ थर इलेक्ट्रॉनांची संख्या दहा-वीस पटीने वाढवतो, त्यामुळे तो गोंगाटात बुडत नाही. बार्सिलोनाच्या सूक्ष्मइलेक्ट्रॉनिकी केंद्रात २०१० नंतरच्या वर्षांत हे सिलिकॉन प्रथम हाती आले.

इथे तिसरा आक्षेप: वेळ कशाला, जागाच अधिक अचूक मोजा की. सिलिकॉन पिक्सेल कणाची जागा मिलिमीटरच्या शतांशापर्यंत सांगतात. टकरींचे उगमबिंदू जागेनेच का वेगळे करू नयेत? आजवर तसेच झाले आणि बहुतांशी साधले. पण दोनशे टकरी त्या छोट्या पट्ट्यात दाटल्या की मध्यभागी मिलिमीटरमागे एकाहून अधिक उगम येतात, आणि जे कण झोताला जवळजवळ समांतर उडतात त्यांचा माग मागे ताणून उगम काढताना चूक मिलिमीटरांत जाते. अ‍ॅटलसने आपला वेळमापक सगळीकडे न बसवता नेमका झोताजवळच्या कोनांत बसवायचे ठरवले याचे कारण हेच. मग गर्दीच कमी करा, असे कोणी म्हणेल. पण दोन हिग्ज बोसॉन एकदम निर्माण होण्याची घटना लाख कोटींहून अधिक टकरींत एकदा घडते. गर्दी घटवली की ती घटनाही घटते. या युक्तिवादाचे प्रात्यक्षिक सर्नच्याच एनए-६२ प्रयोगात झाले आहे. तिथे सेकंदाला सुमारे ७५ कोटी कणांचा झोत येतो, त्यात केऑन थोडेच. आणि शोधायचा असतो केऑनचा असा क्षय की जो दर दहा अब्जांत एखाद्या वेळी घडतो. येणारा केऑन आणि निघालेला पायॉन यांची जोडी जमवायला झोतातच बसवलेल्या पिक्सेल डिटेक्टरने प्रत्येक कणाची वेळ शंभर-दीडशे पिकोसेकंदांपर्यंत मोजली. २०२४ मध्ये या क्षयाची खात्रीची नोंद जाहीर झाली. बोथे-गायगरची जोडी आणि ही जोडी यांत तत्त्वाचा फरक नाही. खिडकी मात्र सुमारे एक कोटी पटीने अरुंद झाली आहे.

चौथा आक्षेप सावधगिरीचा आहे आणि तो पूर्णपणे मान्य करायला हवा. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने सर्नपासून ७३० किलोमीटरवरच्या ग्रान सास्सो पर्वताखाली पोचणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी येतात असे जाहीर केले. पुढच्या वर्षी कारण कळले: एका प्रकाशतंतूची जोडणी नीट बसलेली नव्हती, शिवाय एका घड्याळाची गतीही किंचित चुकत होती. शेजारच्या इकारस प्रयोगाने न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने येतात हे दाखवले. यावरून वेळेचे मोजमाप भरवशाचे नाही असे ठरत नाही. ठरते ते हे की चुकीची वेळ चुकीच्या चित्रासारखी डोळ्यांत खुपत नाही. फाटका फोटो पाहताच कळतो. ६० नॅनोसेकंदांचा घोटाळा तारांच्या जाळ्यात मुकाट बसून राहतो. नव्या डिटेक्टरांपुढे ही अडचण अधिक बिकट आहे. लाखो चॅनेल्सना एकच ताल पाठवायचा आणि तो काही पिकोसेकंदांत टिकवायचा. त्यात किरणोत्सार सिलिकॉनला झिजवतो: गुणन करणाऱ्या थरातले बोरॉन निष्क्रिय होत जाते, म्हणून त्यात कार्बन मिसळावा लागतो, फोटोमल्टिप्लायरचा गोंगाट वाढतो, म्हणून ते उणे ३५ अंश सेल्सियस आणि त्याहून खाली थंड ठेवावे लागतात. इतके करूनही मधल्या भागातली अचूकता अखेरीस ३० वरून ६० पिकोसेकंदांपर्यंत घसरेल, असे सीएमएसने आधीच गृहीत धरले आहे.

हे सारे मोजूनमापून ठेवल्यावर मूळ विधान थोडे नेमके करावे लागते. प्रत्येक शोध घड्याळाने लावला असे नाही. विरळ घटनांच्या प्रदेशात चित्र पुढे होते आणि तपशिलात ते आजही श्रेष्ठ आहे. पण सोपे प्रश्न सुटत जातात तसे उरलेले प्रश्न अधिकाधिक दुर्मीळ घटनांचे असतात, दुर्मीळ घटनेसाठी अधिक टकरी लागतात आणि अधिक टकरी म्हणजे अधिक गर्दी. त्यामुळे या विज्ञानाची वाटचालच त्याला चित्राच्या सोयीच्या प्रदेशातून घड्याळाच्या प्रदेशात ढकलत आली आहे. यात एक गुणात्मक बदल मात्र आता पहिल्यांदा होत आहे. बोथेपासून बेव्हाट्रॉनपर्यंत वेळ ही चित्राबाहेरची चाळणी होती. सीएमएस आणि अ‍ॅटलसमध्ये ती मोठ्या प्रमाणावर प्रत्येक मागाचा चौथा निर्देशांक होणार आहे, लांबी-रुंदी-उंचीच्या बरोबरीने. पुढचे प्रस्तावित सुमारे नव्वद किलोमीटरच्या घेराचे प्रोटॉन यंत्र खरोखर उभे राहिले तर एका भेटीत सुमारे हजार टकरी होतील, आणि तिथे ३० पिकोसेकंदही पुरणार नाहीत. पहिला हिशेब तिथेही तसाच लागू राहील: गर्दी पाचपट, तर खिडकीही साधारण तितक्याच पटीने अरुंद. ती अरुंद करणे जमले नाही, तर कितीही मोठे यंत्र बांधले तरी त्यातल्या टकरींचा बहुतांश भाग न वाचताच सोडून द्यावा लागेल. म्हणून पुढच्या यंत्राच्या आराखड्यात ऊर्जेच्या आणि चुंबकांच्या आकड्यांइतकेच वजन पिकोसेकंदांच्या आकड्याला दिले पाहिजे.